निरोपाची वाट

मी शाळेत शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने भर वर्गात मला विचारले होते, "सर, हे इंटरनेट राह्यते तरी कुठी?" वर्गात हशा पिकला. तो मुलगा खाली मान घालून बसला. मला मात्र हसू आले नाही. कारण प्रश्न अगदी रास्त होता. रोज ज्या वस्तूचा उपयोग करावयाचा, ती असते कोठे हे विचारण्यात चूक ती काय? पुष्कळांची समजूत अशी की, इंटरनेट हे आकाशात कोठेतरी तरंगत असते. वस्तुतः त्याचा फार मोठा भाग जमिनीखाली पुरलेला आहे आणि समुद्राच्या तळाशी अंथरलेला आहे. त्या दिवशी मी त्या मुलाला दिलेले उत्तर त्रोटक होते. पुरते उत्तर द्यावयाचे, तर खामगावच्या कापसाच्या बाजारापासून आरंभ करावा लागतो.

खामगाव आज बुलढाणा जिल्ह्यात आहे; त्या काळी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तेथून इंग्लंडला जाणारा कापूस बंद पडला. मँचेस्टरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला व बडनेरा ही गावे मागे टाकून १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८७० साली जलंब ते खामगाव हा छोटासा फाटा तयार झाला आणि त्याच्या उद्घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले. आठ मैलांच्या फाट्यासाठी एवढा मोठा अधिकारी यावा, यावरूनच त्या कापसाचे मोल किती होते हे ध्यानात येते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. मुंबईपासून एडन, सुएझ या मार्गाने इंग्लंडपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली गेली. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. आता लिव्हरपूलचा व्यापारी तारेने वऱ्हाडात मागणी नोंदवू शकत असे आणि सुमारे सहा आठवड्यांत कापसाच्या गाठी त्याच्या धक्क्यावर येऊन पडत. त्यापूर्वी नुसते पत्र विलायतेस जावयास महिना लागे.

ही तार कशी चाले? तारेतून विजेचा प्रवाह क्षणभर सोडला की टिंब, थोडा अधिक वेळ सोडला की रेघ. प्रत्येक अक्षराला टिंबे व रेघा यांची एक खूण ठरवून दिलेली होती. सॅम्युअल मोर्स याच्या नावाने ती लिपी ओळखली जाते. आजचा संगणकही मूलतः याच रीतीने बोलतो. त्याच्याजवळ शून्य आणि एक अशी दोनच चिन्हे आहेत. या एकेका चिन्हाला 'बिट' असे म्हणतात. तुमचे अक्षर, तुमचा आवाज, तुमचे छायाचित्र या सर्वांचे रूपांतर अखेर शून्य आणि एक यांच्या लांबच लांब माळेत होत असते. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली; परंतु तिची ही दोन चिन्हांची युक्ती जगभर चालूच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही तार वऱ्हाडच्या शेतकऱ्यासाठी घातलेली नव्हती. लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या पेढीला कळे, पेढीचा निरोप खामगावच्या दलालाला कळे. बैलगाडीवर कापूस घेऊन आलेल्या कास्तकाराला मात्र दलाल सांगेल तोच भाव खरा मानावा लागे. पुढे १८९९-१९०० मध्ये भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा वऱ्हाडात तारही होती आणि आगगाडीही होती. तरी माणसे अन्नावाचून मेली. निरोप वेगाने जातो एवढ्याने भागत नाही. तो कोणाच्या हाती पडतो, हाही प्रश्न आहे. पुढील सर्व हकीकत वाचताना हा प्रश्न तुम्ही मनात ठेवावा, अशी माझी इच्छा आहे.

तारेनंतर टेलिफोन आला. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. दोन माणसे बोलू लागली की, त्यांचे बोलणे संपेपर्यंत ती संपूर्ण वाट त्यांच्यासाठी अडवून ठेवावी लागे. मधल्या काळात ती दोघे गप्प बसली तरी वाट अडलेलीच. माणसांच्या संभाषणाला ते चालून जाई. संगणकाचे तसे नाही. तो क्षणभर पुष्कळ बोलतो आणि मग बराच वेळ काहीच बोलत नाही. त्याच्यासाठी अखंड वाट अडविणे म्हणजे एका टोपलीसाठी सगळी आगगाडी भाड्याने घेण्यासारखे झाले.

यावर १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील पॉल बॅरन आणि ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे एकच तोड काढली. निरोप अखंड पाठवूच नये. त्याची लहान लहान पुडकी करावीत. या पुडक्यांना डेव्हिस यांनी 'पॅकेट' हे नाव दिले.

समजा, तुम्हांला एक जाडजूड पुस्तक अमरावतीहून अकोल्यास पाठवावयाचे आहे. परंतु नियम असा की, टपालाने फक्त कार्डेच पाठविता येतात. तुम्ही काय कराल? पुस्तकाचा मजकूर कार्डांवर उतराल, प्रत्येक कार्डावर अनुक्रमांक घालाल, आपला पत्ता व अकोल्याच्या मित्राचा पत्ता लिहाल आणि कार्डे पेटीत टाकाल. काही कार्डे मूर्तिजापुरावरून जातील. त्या रस्त्यावर खोळंबा झाला, तर काही दर्यापुरावरून जातील. सातवे कार्ड तिसऱ्याच्या आधी पोहोचेल. त्याने काही बिघडत नाही. मित्र अनुक्रमांक पाहून ती लावून घेईल. एकविसावे कार्ड आलेच नाही, तर तो तुम्हांला कळवील, "एकविसावे पुन्हा पाठव." आणि त्याच वाटेवरून त्याच वेळी शेकडो इतर लोकांची कार्डेही जात असतील, कोणासाठी वाट अडलेली नसेल. इंटरनेटचे मुख्य मर्म ते एवढेच. बाकीचे सारे या मर्माचा विस्तार होय.

या कल्पनेची परीक्षा १९६९ साली झाली. त्या वर्षीचा ऑक्टोबर महिना आपल्या प्रांतासाठीही महत्त्वाचा होता. २० ऑक्टोबर रोजी अकोल्याला कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेले आणि देशाचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आज त्या विद्यापीठाला आहे. त्यानंतर नवव्या दिवशी, २९ ऑक्टोबरच्या रात्री, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका संगणकाने स्टॅनफर्ड येथील संशोधनसंस्थेच्या संगणकाला साद घातली. आपल्याकडे तेव्हा ३० तारखेची दुपार होती. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. पहिले अक्षर पोहोचले, दुसरे पोहोचले आणि पलीकडचा संगणक बंद पडला! म्हणजे या जाळ्यावरून गेलेला पहिला निरोप 'एल' आणि 'ओ' या दोनच अक्षरांचा ठरला. सुमारे तासाभराने यंत्र दुरुस्त झाले आणि पुरा शब्द गेला. या जाळ्याचे नाव 'आर्पानेट'. वर्षअखेर त्यात अवघे चार संगणक होते. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, रे टॉमलिन्सन यांनी या जाळ्यावरून एका संगणकावरचे पत्र दुसऱ्या संगणकावर धाडून दाखविले. पत्त्यात माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये जे वाटोळे चिन्ह आपण आजही घालतो, ते त्यांनीच निवडलेले.

पुढे अशी अनेक जाळी निरनिराळ्या देशांत झाली. परंतु प्रत्येकाची भाषा वेगळी. मग या जाळ्यांनी एकमेकांशी बोलावे कसे? व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली सर्वांसाठी समान अशी नियमावली मांडली. पुडक्याचा आकार कसा, पत्ता कोठे लिहावयाचा, पोच कशी द्यावयाची, हरवलेले पुन्हा कसे मागावयाचे, हे सारे त्यात ठरवून दिले होते. १ जानेवारी १९८३ या दिवशी आर्पानेटवरील सर्व संगणकांनी ही नियमावली स्वीकारली. जाळ्यांना जोडणारे जाळे, म्हणजेच इंटरनेट, त्या दिवशी खऱ्या अर्थाने उभे राहिले.

पुडक्याला वाट कोण दाखवितो, हे आता पाहू. मूर्तिजापूर हे मोठे गमतीचे स्थानक आहे. मुंबई-नागपूर हा हमरस्ता तेथून जातोच. शिवाय पूर्वी तेथून एका बाजूला अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला अरुंद रुळांची गाडी जात असे. लोक तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. अशा ठिकाणी सांधेवाल्याचे काम महत्त्वाचे. डब्यात सरकी आहे की सागवान, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. डबा कोठे जावयाचा आहे तेवढे तो पाहतो आणि सांधा बदलतो. इंटरनेटवर असे असंख्य सांधेवाले आहेत. त्या यंत्रांना 'राउटर' म्हणतात. कोणत्याही राउटरला संपूर्ण जगाचा नकाशा पाठ नसतो. या पत्त्याचे पुडके पुढच्या कोणत्या स्थानकाकडे ढकलावयाचे, एवढेच त्याला ठाऊक असते. पुढचा राउटर त्याच्या पुढचे पाहतो. असे दहा-पंधरा सांधे ओलांडून पुडके मुक्कामी पोहोचते आणि या सर्वाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

पत्ता मात्र आपल्या पत्त्यासारखा नसतो. तो आकड्यांचा असतो. जुन्या पद्धतीत शून्य ते २५५ यांमधील चार संख्या मिळून एक पत्ता होई. असे एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. योजना आखली तेव्हा ही संख्या अफाट वाटली होती. माणसांपेक्षा यंत्रांची संख्या वाढेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पत्ते अपुरे पडू लागले, म्हणून आता लांब पत्त्यांची नवी पद्धत हळूहळू रूढ होत आहे. आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नावे वापरतो. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी सिद्ध केली. आपण नाव लिहिताच संगणक प्रथम या व्यवस्थेकडे जाऊन आकडा विचारून येतो. आपल्याला त्याची गंधवार्ताही नसते.

पुष्कळ मोठी माणसेही इंटरनेट आणि 'वेब' हे एकच समजतात. ते तसे नाही. इंटरनेट म्हणजे रस्ते आणि सांधे. वेब म्हणजे त्या रस्त्यांवरून चालणारा एक व्यवहार. एका पानावरील शब्दाला स्पर्श करताच दुसरे पान उघडावे, ही कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. १९९३ मध्ये त्या संस्थेने ती विनामूल्य सर्वांना खुली केली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. प्रत्येक पानाला शुल्क ठेवले असते, तर आपल्या खेड्यातील शाळेने ते पान कधी उघडले असते?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हे रस्ते कोठे आहेत? आज तांब्याच्या तारेऐवजी काचेचे तंतू वापरतात. ते केसासारखे बारीक असतात आणि त्यांतून वीज नव्हे, तर प्रकाश धावतो. त्याची चमक म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईहून सुमारे सहाशे किलोमीटरवरच्या अकोल्यास यावयास त्याला सेकंदाचे तीन सहस्रांश पुरतात. असे तंतू रस्त्यांच्या कडेला जमिनीत पुरलेले आहेत. रेलटेल या सरकारी कंपनीने ते देशभर रेल्वेमार्गांच्या कडेनेही टाकले आहेत. जुनी तारही रुळांच्या कडेनेच जात असे, हे येथे आठवते. मुंबईच्या किनाऱ्यावर हे तंतू समुद्रात उतरतात आणि तळावरून अरबस्तान, सुएझ, युरोप असे जातात. वाट बरीचशी १८७० सालचीच आहे.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबली तुटल्या. त्या दिवशी भारतातील इंटरनेटची निम्म्याहून अधिक क्षमता नाहीशी झाली. मुंबई-पुण्यातील कचेऱ्यांतून कामे अडली. परंतु सेवा पुरती बंद पडली नाही. पश्चिमेची वाट बुजली असे दिसताच पुडकी पूर्वेकडे वळविण्यात आली. सिंगापूर आणि पॅसिफिक महासागर ओलांडून ती उलट्या बाजूने अमेरिकेस पोहोचू लागली. वाट लांबली, गर्दी झाली, वेग मंदावला. तरी निरोप जात राहिला. पुडक्यांच्या कल्पनेची याहून चांगली परीक्षा कोणती असणार? पुढे जहाजांनी तुटलेली टोके तळावरून वर ओढून घेतली आणि ती पुन्हा सांधली.

भारतात इंटरनेटचा पाया १९८६ मध्ये घातला गेला. 'अर्नेट' या योजनेने मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची विज्ञानसंस्था, पाच आय. आय. टी. आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिकी विभाग अशा आठ ठिकाणांस जोडण्याचे काम हाती घेतले. सर्वसामान्यांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरूनच संगणक जोडावा लागे आणि जोडताना खर्र-खर्र, किर्र-किर्र असा विचित्र आवाज होई. सेकंदाला ९,६०० बिट एवढाच वेग मिळे. आज तुमच्या घरच्या फोनने काढलेले तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने पाठवावयाचे, तर चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. हिशेब करून पाहा. एका बाइटमध्ये आठ बिट असतात.

संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची ही विद्या दुसऱ्या एका कामीही येते आणि त्यात आपल्या मूर्तिजापूर तालुक्याचा संबंध आहे. त्या तालुक्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली विजय भटकर यांचा जन्म झाला. १९८० नंतरच्या दशकात भारताला हवामानाच्या अभ्यासासाठी व इतर कामांसाठी अमेरिकेतील 'क्रे' हा महासंगणक हवा होता. तेथील सरकारने तशा प्रगत यंत्रास अनुमती नाकारली. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा डॉ. भटकरांकडे आली. एक अचाट यंत्र घडविण्याऐवजी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक लहान प्रक्रियक एकमेकांस जोडले आणि काम वाटून दिले. आपल्याकडे कापूस वेचणी अशीच होते. एकट्या बाईला जे शेत वेचावयास दोन महिने लागतील, ते साठ बाया एका दिवसात वेचतात. मात्र कोणी कोणती ओळ धरावयाची हे आधी ठरले पाहिजे आणि वेचलेला कापूस एका ठिकाणी आला पाहिजे. नाहीतर नुसता गोंधळ. प्रक्रियकांचेही तेच. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार वाटा होत्या. अशा रीतीने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. ज्या देशाला यंत्र विकत मिळत नव्हते, त्या देशाने ते घडविले.

आता अखेरीस आपण मनात ठेवलेल्या प्रश्नाकडे येऊ. निरोप कोणाच्या हाती पडतो? आज अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून हवामान खात्याच्या सहकार्याने आठवड्यातून दोनदा शेतकऱ्यांसाठी सल्ला निघतो. पाऊस केव्हा येईल, पेरणी करावी की थांबावे, बोंडअळीसाठी काय करावे, हे त्यात असते. दर्यापूरचा किंवा बाळापूरचा शेतकरी तो फोनवर वाचतो आणि बाजारात जाण्यापूर्वी कापसाचा भावही पाहतो. भाव ठरविणे अजून त्याच्या हाती नाही. परंतु दलाल सांगेल तेवढेच खरे, अशी स्थिती उरली नाही. हा फरक थोडा नव्हे.

तथापि अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाट आहे. डोंगर, दऱ्या आणि सागाचे दाट रान. लहरी डोंगराआड पोहोचत नाहीत. तंतू पुरावयाचा तर वाटेत राखीव जंगल आणि त्यातील व्याघ्रप्रकल्प. एका वस्तीत मोजकी घरे. तेथे मनोरा उभारणे कंपन्यांना परवडत नाही. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणले गेले. शाळा, दवाखाना, दुकाने इंटरनेटने जोडावयाची, दूरच्या तज्ज्ञ डॉक्टरला रोगी पडद्यावर दाखवावयाचा, अशी राज्य शासनाची व मायक्रोसॉफ्ट कंपनीची योजना होती. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी झाडांतून अधिक दूरवर जातात, त्यांचा उपयोग करण्याचीही कल्पना होती. परंतु यंत्र बसविणे ही एक गोष्ट आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही दुसरी गोष्ट. २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले, तेव्हा रानातील अनेक वस्त्यांवरच्या कोरकू मुलांपर्यंत धडा पोहोचलाच नाही. कोठे कोठे शिक्षकच पायी वस्तीवर गेले आणि झाडाखाली फळा मांडून बसले.

मनोरा विजेवर चालतो. पावसाळ्यात सातपुड्यात वीज गेली की, तो काही तास बॅटरीवर तग धरतो आणि मग गप्प होतो. फोनच्या कोपऱ्यातील रेघा एकेक करून नाहीशा होतात. मुंबईपर्यंत समुद्रतळावरून आलेला निरोप शेवटच्या पाच-सात कोसांसाठी खोळंबतो. दवाखान्याचा निरोप तातडीचा असेल, तर कोणीतरी डोक्यावर घोंगडे घेऊन निघतो आणि ओढ्याचे पाणी पाहत पाहत वस्तीवर जाऊन तो सांगून येतो.